निर्देशांक संदर्भ प्रणाली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नकाशाच्या माहितीसंचात प्रत्येक ठिकाण आकड्यांच्या जोडीने नोंदवलेले असते. हे आकडे कुठून, कोणत्या एककात आणि पृथ्वीचा कोणता आकार गृहीत धरून मोजले, हे निर्देशांक संदर्भ प्रणाली सांगते. मेटाडेटात तिची नोंद अपुरी असली, तर अचूक मोजलेले आकडेही भलतीकडे नेतात.

गैरसमज : अक्षांश-रेखांश दिले की पुरे.
वस्तुस्थिती : अक्षांश-रेखांशही डेटमनुसार, म्हणजे मोजणीसाठी गृहीत धरलेल्या पृथ्वीच्या आकारानुसार आणि त्याच्या मांडणीनुसार, बदलतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेल्या आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर आहे. मराठवाड्यातल्या अंबाजोगाई परिसरात या दोहोंतला फरक शंभर मीटरहून अधिक भरतो. डेटम लिहिला नसेल, तर एकाच्या शेतातली विहीर नकाशावर दुसऱ्याच्या शेतात दिसते.

गैरसमज : ‘यूटीएम, मीटर’ एवढी नोंद चालते.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र यूटीएम प्रक्षेपणाच्या दोन रेखांश-पट्ट्यांत, म्हणजे झोनमध्ये, विभागला आहे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला झोन ४४. अंबाजोगाई पहिल्यात, नागपूर दुसऱ्यात येते. अंबाजोगाईचे यूटीएम निर्देशांक साधारण पूर्व ६,४५,००० आणि उत्तर २०,७१,००० मीटर आहेत. हेच आकडे झोन ४४ मध्ये वाचले, तर ठिकाण ओडिशातल्या कोरापुट भागात जाते. म्हणून ईपीएसजी:३२६४३ असा संदर्भ प्रणालीचा पूर्ण कोड हवा. त्यात डेटम, झोन आणि गोलार्ध तिन्ही येतात.

गैरसमज : आधी अक्षांश की रेखांश, हे संगणकाला आपोआप कळते.
वस्तुस्थिती : ईपीएसजी:४३२६ च्या व्याख्येत अक्षांश आधी येतो, जिओजेसनमध्ये रेखांश. अंबाजोगाईचे १८.७३ आणि ७६.३८ हे आकडे उलटले, तर बिंदू आर्क्टिकमधल्या स्वालबार बेटांच्या दक्षिणेला समुद्रात पडतो. ७६.३८ हा अक्षांश म्हणूनही वैध असल्याने प्रणाली चूक दाखवत नाही. त्यामुळे क्रम लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

गैरसमज : मेटाडेटातला कोड बदलला की निर्देशांकही बदलतात.
वस्तुस्थिती : कोड बदलल्याने फक्त नोंद बदलते, आकडे तसेच राहतात. रूपांतरात प्रत्येक बिंदू नव्याने गणला जातो. शेपफाइलसोबतची पीआरजे फाइल हरवली असेल, तर मूळ प्रणाली शोधून तीच नोंदवावी आणि मगच रूपांतर करावे.

गैरसमज : उंचीला वेगळ्या नोंदीची गरज नसते.
वस्तुस्थिती : जीपीएस मुळात लंबगोलापासूनची उंची मोजते, टोपोशीटवरची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. मराठवाड्यात या दोन उंचींत पन्नास मीटरहून अधिक अंतर पडते. म्हणून उंचीचा डेटम स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.