सिंहासन आणि सरदार

महाराष्ट्राच्या सीमेला लागून, कर्नाटक राज्यात, बीदर नावाचे जुने शहर आहे. त्या शहरात एका भव्य विद्यालयाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. इमारत तीन मजली आहे. तिच्या दर्शनी बाजूस दोन मनोरे होते. त्यांपैकी एकच आता शिल्लक आहे. त्याच्या अंगावरील निळ्या-हिरव्या चकचकीत फरशा बऱ्याच गळून पडल्या आहेत. 1472 मध्ये बांधलेल्या या विद्यालयात व्याख्यानाची दालने होती, ग्रंथालय होते, मशीद होती, आणि गुरू व शिष्य यांच्या निवासासाठी खोल्याही होत्या. पुढे 1696 मध्ये दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला.

हे विद्यालय बांधणारा पुरुष राजा नव्हता. तो राजाचा प्रधान होता. त्याचे नाव महमूद गावान. ज्या राज्याची त्याने अनेक वर्षे निष्ठेने सेवा केली, त्याच राज्याच्या सुलतानाने 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद करविला. आणि नवल असे की, प्रधानाचे मस्तक धरणीवर पडल्यापासून दहा वर्षांच्या आतच त्या राज्याचे तुकडे पडू लागले. हे कसे घडले? एका माणसाच्या मृत्यूने एवढे मोठे राज्य का मोडावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे मध्ययुगातील राजे आणि त्यांचे सरदार यांचे नाते कसे होते, हे आपणांस उमगते.

हे राज्य म्हणजे दक्षिणेतील बहमनी राज्य. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याच्या कारभाराला कंटाळून दख्खनमधील सरदारांनी बंड केले. त्या बंडातून 1347 मध्ये दौलताबाद येथे अलाउद्दीन हसन बहमनशहा गादीवर बसला. म्हणजे, मुलांनो, या राज्याचा जन्मच सरदारांच्या बंडातून झाला होता. ज्या शिडीवरून आपण वर चढलो, तीच शिडी दुसरा कोणी लावील, ही भीती अशा राज्याला पहिल्या दिवसापासून असते.

हसनने गुलबर्गा ही राजधानी केली आणि राज्याचे चार मोठे विभाग पाडले : दौलताबाद, गुलबर्गा, वऱ्हाड आणि बीदर. अशा विभागाला 'तरफ' म्हणत आणि त्याच्या अधिकाऱ्याला 'तरफदार'. त्या काळी आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हते. राजधानीतून निघालेला हुकूम दूरच्या किल्ल्यावर पोहोचावयास कित्येक दिवस लागत. एवढा विस्तीर्ण मुलूख एकट्या राजाने सांभाळणे अशक्य होते. म्हणून तरफदाराने आपल्या मुलखातला सारा वसूल करावा, त्यातून फौज पोसावी, किल्ले राखावेत आणि युद्धप्रसंगी फौजेसह राजाच्या मदतीस धावून यावे, अशी व्यवस्था होती.

व्यवस्था सोयीची होती. परंतु तिच्या पोटातच तिचा नाश दडलेला होता. शिपाई लढे राजाच्या नावाने, पण त्याला पगार मिळे सरदाराच्या हातून. मग तो कोणाला धनी मानणार? ज्याच्या हाती जमीन, खजिना, किल्ला आणि फौज या चारही गोष्टी आल्या, तो सरदार नावाने चाकर असला, तरी सामर्थ्याने राजाच्या बरोबरीचा झाला. राजा कर्तबगार असेल, तोवर असे सरदार नम्रपणे मुजरा करीत. राजा दुबळा किंवा अल्पवयी निघाला, की तेच सरदार राजा घडवू लागत आणि मोडूही लागत.

यात आणखी एका गोष्टीची भर पडे. राजाच्या मागून गादीवर कोणी बसावे, याचा पक्का नियम नव्हता. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, भाऊ, चुलता यांपैकी ज्याच्या पाठीशी बलवान सरदार उभे राहतील, तो राजा. 1378 मध्ये मुजाहिदशहाचा खून करून त्याच्याच घराण्यातील दाऊद गादीवर बसला. आणि थोड्याच दिवसांत त्याचाही खून झाला. 1397 या एका वर्षात तर सिंहासनाने चार राजे पाहिले. दुसरा मुहम्मदशहा मरण पावला आणि त्याचा तरुण मुलगा गियासुद्दीन गादीवर आला. तघलचीन नावाच्या तुर्की सरदाराने त्याला मेजवानीस बोलाविले आणि तेथेच त्याचे डोळे काढविले. मग त्याने गियासुद्दीनचा सावत्र भाऊ शमसुद्दीन याला नावापुरते गादीवर बसविले. परंतु वर्ष संपण्यापूर्वीच राजघराण्यातील फिरोज याने त्यालाही पदच्युत केले आणि तो स्वतः सुलतान झाला. ज्या घरात मेजवानीचे आमंत्रण आले, की जिवाचा थरकाप व्हावा, त्या घरातील ऐश्वर्याला काय अर्थ आहे?

पंधराव्या शतकात राजधानी बीदरला गेली. पण जुने दुखणे बरोबरच गेले, आणि त्याला एक नवे दुखणे येऊन मिळाले. दरबारात सरदारांचे दोन तट पडले. एक तट दख्खनींचा. ते फार पूर्वीपासून दक्षिणेत स्थायिक झालेले होते. हबशी सरदारही त्यांच्या बाजूचे असत. दुसरा तट आफाकींचा, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तान इत्यादी देशांतून नव्याने आलेल्यांचा. नवे लोक हुशार आणि धाडसी असल्यामुळे सुलतान त्यांना मोठमोठी पदे देत. जुन्या सरदारांना वाटे की, आपल्या तोंडचा घास परके पळवीत आहेत. कोकणातील एका मोहिमेत आफाकी सेनापतीच्या फौजेचा डोंगरात दारुण पराभव झाला आणि उरलेले लोक चाकणच्या किल्ल्यात आश्रयास आले. तेव्हा हे लोक फितूर झाले आहेत, असे विरोधकांनी सुलतानास कळविले. सुलतानाने शहानिशा न करता शिक्षेचा हुकूम दिला. अभय देऊन, जेवावयास बसवून, त्या लोकांची कत्तल करण्यात आली. त्या दिवसानंतर दोन्ही तटांतील वैर कधीही पुसले गेले नाही.

अशा दरबारात महमूद गावान आला. तो मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापाराच्या निमित्ताने 1453 मध्ये तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला गेला. त्याची विद्वत्ता आणि शहाणपण पाहून सुलतानाने त्याला दरबारात ठेवून घेतले. 1461 मध्ये आठ वर्षांचा निजामशहा गादीवर आला, तेव्हा राजमाता, ख्वाजा जहान आणि महमूद गावान अशा तिघांनी मिळून कारभार पाहिला. राजा मूल असला म्हणजे शेजारी टपून बसतात. माळव्याचा सुलतान बीदरपर्यंत चालून आला. गावानने गुजरातच्या सुलतानाची मदत मिळवून हे संकट परतविले. दोन वर्षांतच निजामशहा वारला आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मदशहा गादीवर आला. पुढे ख्वाजा जहान डोईजड झाला, तेव्हा 1466 मध्ये त्याला दरबारातच ठार करण्यात आले. त्यानंतर गावान मुख्य प्रधान झाला.

गावानने कोकणात मोहीम काढली. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला आणि 1472 मध्ये गोवे जिंकले. परंतु त्याचे खरे मोठेपण रणांगणावर नव्हे, तर कारभारात दिसते. राज्याला रोग कोणता जडला आहे, हे त्याने अचूक ओळखले होते. त्याने चार तरफांच्या आठ तरफा केल्या, त्यामुळे प्रत्येक तरफदाराचे सामर्थ्य घटले. प्रत्येक तरफेत तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर सरकारातून किल्लेदार नेमले. प्रत्येक तरफेतील काही जमीन सुलतानाच्या खासगीकडे घेतली. जेवढे सैनिक ठेवण्याचा करार असेल, तेवढे ठेवले नाहीत, तर त्या मानाने सरदाराचे उत्पन्न कापण्याचा नियम केला. जमिनीची मोजणीही सुरू केली. शिवाय स्वतः परदेशी असूनही त्याने मोठी पदे दोन्ही तटांच्या सरदारांना वाटून दिली. तराजूची दोन्ही पारडी समतोल राहावीत, अशी त्याची इच्छा होती.

पण ज्यांचे किल्ले गेले, ज्यांचे उत्पन्न तुटले, ते कसे स्वस्थ बसतील? मलिक हसन निजाम-उल्-मुल्क हा दख्खनी तटाचा पुढारी. त्याच्या पक्षाच्या लोकांनी कारस्थान रचले. गावानची मोहोर ज्याच्या ताब्यात असे, त्या नोकराला त्यांनी वश केले आणि एका कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाच्या नावे एक पत्र लिहिले : तुम्ही या राज्यावर चालून या, आपण ते वाटून घेऊ. हे पत्र त्यांनी सुलतानाच्या हाती पडू दिले.

त्या वेळी सुलतानाची छावणी आंध्रात कोंडपल्ली येथे होती. सुलतान तरुण होता आणि मद्याच्या आहारी गेलेला होता. त्याने गावानला तातडीने बोलावून घेतले. जाऊ नका, गुजरातेत निघून जा, असे हितचिंतकांनी गावानला विनविले. फौज त्याला मानणारी होती. मनात आणले असते, तर तो बंड करू शकला असता. पण तो एकटा सुलतानासमोर गेला. राजद्रोह्याला काय शिक्षा द्यावी, असे सुलतानाने त्याला विचारले. मृत्यूची, असे त्याने उत्तर दिले. तेव्हा ते पत्र त्याच्यापुढे टाकण्यात आले. मोहोर आपली आहे, परंतु मजकुराविषयी आपणांस काहीही ठाऊक नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. सुलतानाने चौकशी केली नाही, की साक्षीदार बोलाविला नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्ध प्रधानाचा शिरच्छेद झाला.

गावानने अपार धन दडविले असेल, या समजुतीने सुलतानाने त्याच्या खजिन्याची झडती घेतली. परंतु तेथे फारसे काही सापडले नाही. गावान आपला खर्च व्यापाराच्या भांडवलातून चालवी, मातीच्या भांड्यात शिजविलेले साधे अन्न खाई, आणि मिळालेले धन फौज, विद्वान व गोरगरीब यांच्याकडे वळवी, असे सांगतात. खरी हकीकत कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला; पण गेलेला प्राण पश्चात्तापाने परत येत नाही. पुढच्याच वर्षी तोही मरण पावला.

आता या घटनेचा परिणाम पाहा. गावानसारख्या माणसाची जर ही गत, तर आपली काय, असे प्रत्येक सरदाराच्या मनात आले. मोठमोठे सरदार आपले तंबू सुलतानाच्या छावणीपासून दूर ठोकू लागले आणि दुरूनच मुजरा करू लागले. राजा आणि सेवक यांना बांधणारा विश्वासाचा धागाच तुटला. नवा सुलतान महमूदशहा बारा वर्षांचा होता. कारस्थानी मलिक हसन कारभारी झाला खरा, पण 1486 मध्ये त्याचाही बीदरच्या किल्ल्यात खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये जुन्नरकडे स्वातंत्र्य पुकारून निजामशाही स्थापिली. अहमदनगर शहराचे हे नाव त्याच्याच नावावरून पडले होते. सुमारे त्याच वेळी विजापुरास आदिलशाही व वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली. गोवळकोंड्यास कुतुबशाही आली, आणि खुद्द बीदरमध्ये बरीदशाही. बहमनी सुलतान काही वर्षे नावापुरते उरले. पाची राज्यांचे मूळपुरुष बहमनी दरबाराचे सरदारच होते.

दरबारात तलवारी चालत होत्या, तेव्हा खेड्यातील माणूस काय करीत होता? अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी 1470 च्या सुमारास बीदरला आला होता. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यापाड्यांतील प्रजा मात्र अत्यंत दरिद्री आहे, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. प्रत्येक बंडाचा, प्रत्येक मोहिमेचा खर्च शेवटी त्या शेतकऱ्याच्या कणगीतून निघत होता. गादीवर कोण बसावे, हे मात्र त्याला कोणीच विचारीत नव्हते.

पुढे शिवाजी महाराजांनी या इतिहासातून योग्य तो बोध घेतला होता, असे त्यांच्या कारभारावरून वाटते. त्यांनी सेवकांना मुलूख तोडून देण्याऐवजी शक्यतो रोख वेतन दिले. किल्ल्याचा कारभार एकाच्या हाती न ठेवता हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा अधिकाऱ्यांत वाटून दिला. गावानने जे आरंभिले आणि ज्यासाठी प्राण गमावले, त्याच मार्गाचे हे पुढचे पाऊल होते.

मुलांनो, मलिक हसन किंवा तघलचीन यांना केवळ दुष्ट म्हणून आपण मोकळे झालो, तर इतिहास नीट समजणार नाही. महत्त्वाकांक्षी माणसे प्रत्येक काळात असतात. प्रश्न असा आहे की, त्यांना आवरणारा नियम आहे की नाही? बहमनी राज्यात वारसाचा नियम नव्हता, आरोपीची बाजू ऐकून घेणारे न्यायासन नव्हते आणि प्रजेला मत नव्हते. म्हणून एका कोऱ्या कागदावरील मोहोर एक राज्य बुडवू शकली. आज आपल्या देशात सत्ताधारी मतपेटीतून निवडला जातो आणि मुदत संपली, की पुन्हा लोकांसमोर उभा राहतो. कोणालाही चौकशीवाचून शिक्षा देता येत नाही. या गोष्टी आपणांस जन्मतःच मिळाल्या, म्हणून त्यांचे मोल वाटत नाही. कधी बीदरला जाल, तेव्हा त्या एकट्या मनोऱ्यापुढे क्षणभर उभे राहा. म्हणजे ते मोल ध्यानी येईल.

स्वाध्याय

1. तरफदाराच्या हाती कोणत्या चार गोष्टी होत्या? त्यांमुळे राजाला कोणता धोका निर्माण झाला?
2. महमूद गावानने केलेल्या सुधारणा सांगा. प्रत्येक सुधारणेचा हेतू काय होता?
3. 'राजा आणि सेवक यांना बांधणारा विश्वासाचा धागाच तुटला.' हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. गावानने बंड का केले नसावे? तुम्हांस काय वाटते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
5. वाक्यांत उपयोग करा : डोईजड होणे, शहानिशा करणे, तट पडणे, टपून बसणे.