डाऊन सिंड्रोम : पहिल्या तिमाहीतील चाचणी किती विश्वासार्ह?

डाऊन सिंड्रोमची चाळणी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, की बाळात दोष आहेच, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. प्रत्यक्षात ही चाचणी केवळ शक्यता वर्तविते.

पेशीत २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यास डाऊन सिंड्रोम होतो. गर्भधारणेचे ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १४ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सोनोग्राफीद्वारे गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. आईच्या रक्तातील ‘पॅप-ए’ व ‘बीटा एचसीजी’ यांचे प्रमाण आणि तिचे वय विचारात घेऊन धोक्याचे गणित मांडले जाते.

या एकत्रित चाचणीत सुमारे ८५ ते ९० टक्के बाधित गर्भ ओळखता येतात. मात्र सुमारे पाच टक्के निरोगी गर्भांबाबतही धोक्याचा इशारा मिळतो. समजा, दहा हजार गर्भवतींपैकी २० जणींच्या गर्भात हा दोष आहे. चाचणी त्यांतील १८ ओळखेल, दोन निसटतील आणि सुमारे ५०० जणींना विनाकारण इशारा मिळेल. म्हणजेच ‘पॉझिटिव्ह’ ठरलेल्या २९ जणींमागे साधारण एकीच्याच गर्भात दोष असेल.

गर्भाचे वय चुकले, तर हे गणितही चुकते. मुरबाड तालुक्यात माळशेजच्या वाटेवर असलेल्या वैशाखरेसारख्या गावातील गर्भवतीला पाळीची तारीख नेमकी आठवत नसेल आणि तपासणीसाठी शहर गाठण्यात आठवडे गेले, तर तीन आठवड्यांची ही संधी हुकते. त्यामुळे गर्भाचे वय ठरविणारी सोनोग्राफी लवकर होणे महत्त्वाचे आहे.

विलंबाची किंमत २०१७ मध्ये दिसली. महाराष्ट्रातील ३७ वर्षीय महिलेच्या गर्भात डाऊन सिंड्रोम आढळला, तेव्हा २६ आठवडे झाले होते. त्या वेळी गर्भपाताची मर्यादा २० आठवड्यांची होती. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो.

आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची नवी चाचणी सुमारे ९९ टक्के बाधित गर्भ ओळखते. पण तीही चाळणीच. खात्रीचे निदान वारेच्या पेशी किंवा गर्भजल तपासूनच होते. त्यात गर्भपाताचा अल्प धोका असतो. गुणसूत्रांतील दोषांसाठी अशा तपासण्यांना कायद्याने मुभा आहे. गर्भलिंग सांगणे मात्र गुन्हा आहे.

म्हणूनच केवळ चाळणीच्या अहवालावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. आधी निदान, मग समुपदेशन आणि त्यानंतरच निर्णय, हाच क्रम योग्य होय.