साखरेचा भाव आणि कोयत्याचा भाव

साखर महागली की मध्यमवर्गीय घरांत तिच्यावर चर्चा सुरू होते. मजुरांच्या वस्तीत चर्चा होत नाही. चहातली साखर कमी होते. माझी आई ऊसतोड मजूर होती. दिवाळी झाली की ती वडिलांबरोबर टोळीत जाई आणि उन्हाळ्यात परत येई. गावी आल्यावर तीच आई मला दुकानातून पाव किलो साखर आणायला पाठवी आणि पुडी सांडू नको म्हणून दहादा बजावी. साखरेच्या व्यवहारात पहिल्या टोकाला आणि शेवटच्या टोकाला एकच बाई उभी आहे, ही गोष्ट मला पुढे छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजात शिकवू लागल्यावर उमगली. साखरेच्या भावाचा विचार या दोन्ही टोकांकडून करायला हवा.

गरिबाच्या घरात साखर गोडधोडासाठी लागते, हा समज चुकीचा आहे. ती चहासाठी लागते. सकाळी कामावर निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर घेतलेला कपभर कोरा चहा पुष्कळदा भुकेची वेळ मारून नेण्यासाठी असतो. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी दोन कप आणि कपाला आठ ग्रॅम साखर धरली, तर महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर लागते. पगारदार माणूस ती एकदम भरतो. रोजंदारीवरचा माणूस पावशेर, नाहीतर दहा रुपयांची पुडी आणतो. सुटी घेतल्यामुळे तीच साखर त्याला किलोमागे महाग पडते. भाववाढीचा पहिला फटका म्हणूनच त्याला बसतो.

हा फटका सौम्य करण्यासाठी एकेकाळी रेशनची व्यवस्था होती. कारखान्यांना उत्पादनाचा ठराविक हिस्सा कमी भावाने सरकारला द्यावा लागे. त्याला लेव्ही म्हणत. 1978 मध्ये साखरेवरचे नियंत्रण उठले, पण 1979 च्या अखेरीस सरकारला ते पुन्हा अंशतः आणावे लागले. पुढे रंगराजन समितीने 2012 मध्ये नियंत्रणे काढण्याची शिफारस केली आणि 2013 मध्ये लेव्ही बंद झाली. 2017 पासून केंद्राची सवलत फक्त अंत्योदय कार्डापुरती उरली, तीही कार्डामागे महिन्याला एक किलो. घरात दोन माणसे असोत की सात, साखर एकच किलो. बाकीच्या रेशनधारक गरिबांना धान्य मिळाले, साखर मात्र सुटली. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’त एक किलो साखर दिली. सणाला मिळालेली भेट आणि महिन्याचा हक्क यांतला फरक ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांना सांगावा लागत नाही.

आता दुसरे टोक पाहू. साखरधंद्यात सरकारने भाव बांधून दिलेले नाहीत असे नाही. शेतकऱ्याच्या उसाला एफआरपी आहे. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरली. कारखान्याच्या साखरेलाही किमान विक्रीदर आहे. 2018 मध्ये तो किलोला 29 रुपये ठरला आणि 2019 मध्ये 31 झाला. दोन्ही संरक्षणे योग्यच आहेत. पण ऊस तोडणाऱ्याचा दर अशा सरकारी आदेशाने ठरत नाही. तो साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या वाटाघाटीत, बहुधा संपाचे हत्यार उपसल्यावर ठरतो. आणि ज्याला साखर विकत घ्यायची त्याच्यासाठी कमाल भाव नाही. खाली आधार आहे तो जमीन आणि भांडवल असलेल्यांना. ज्याच्याजवळ फक्त हात आहेत, तो विकतानाही उघडा आणि घेतानाही उघडा.

हिशेब मांडून पाहावा. 10.25 टक्के उताऱ्याने एका टन उसापासून 102.5 किलो साखर निघते. तोडणीचा दर जानेवारी 2024 मध्ये 34 टक्क्यांनी वाढून टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. म्हणजे एक किलो साखरेत तोडणीची मजुरी साधारण साडेतीन रुपये. ती एका माणसाची नव्हे. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्या दोघांची. त्यातून मुकादमाची उचल फिटायची, खाड्याचा दंड भरायचा. मजुरी वाढली तर साखर महागेल, असा बाऊ नेहमी केला जातो. 34 टक्क्यांच्या त्या वाढीचा भार किलोमागे जेमतेम नव्वद पैसे येतो. दुष्काळाने, इथेनॉलकडे वळवलेल्या उसाने, केंद्राच्या मासिक कोट्याने साखर याहून कितीतरी जास्त वरखाली होते. तेव्हा मजुराचा दर जागचा हलत नाही.

आणि या स्वस्त मजुरीची किंमत कोणीतरी दिलेलीच असते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या सरकारी पाहणीत 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण या स्त्रिया स्वतः सांगत आल्या आहेत. साखरेच्या भावपत्रकात या किमतीला रकाना नाही.

सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण महाराष्ट्र बदलला, हे प्रवरानगरपासून दिसते. पण सभासद होण्यासाठी ऊस हवा, ऊस लावण्यासाठी जमीन आणि पाणी हवे. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन ठेवलेल्या माणसाला या सहकारात जागा मिळाली ती फडात, सभेत नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये भूमिहीनांचा लढा उभारला तेव्हाचा प्रश्न अजून संपलेला नाही. तो आता साखरेच्या डब्यातही दिसतो.

म्हणून साखर महाग की स्वस्त, एवढाच वाद पुरेसा नाही. रेशनची साखर सर्व गरीब कुटुंबांना माणशी हिशेबाने मिळाली पाहिजे. तोडणीच्या दराला एफआरपीसारखा कायद्याचा आधार हवा आणि मजुरीच्या कागदावर बाईचे नाव वेगळे हवे. आई आता फडात जात नाही. पण पाहुणा आला की ती अजून विचारते, साखर किती घालू? आणि स्वतःच्या कपात अर्धाच चमचा टाकते.