विश्लेषण : गर्दी टाळायला निघालेलेच गर्दी कशी होतात? अमेरिकेतील स्की गावांमध्ये नवे विरुद्ध जुने असा वाद का?

डेन्व्हरमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या इंजिनीअरिंगच्या वर्गमित्राचा गेल्या हिवाळ्यात मेसेज आला. शनिवारी पहाटे साडेपाचला घरून निघूनही तो आय-७० महामार्गावर गाड्यांच्या रांगेत अडकला होता. सोबत फोटो होता: पुढे लाल दिव्यांची न संपणारी ओळ, दोन्ही बाजूंना बर्फ. खाली एकच वाक्य : ‘पुढच्या वर्षी कुठल्या तरी लहान, कुणाला माहीत नसलेल्या गावाला जाणार.’ हाच विचार त्या रांगेतील इतर हजारोंनीही केलेला असतो. त्यातले काही फक्त सुट्टीपुरते जातात, काही तिथे घर घेतात, काही लॅपटॉप उचलून कायमचे राहायला जातात. मग त्या ‘कुणाला माहीत नसलेल्या’ गावात जे घडते, त्यावरून अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत गेली काही वर्षे वाद धुमसत आहे.

मोठ्या रिसॉर्टमध्ये इतकी गर्दी का झाली?

याचे उत्तर बरेचसे तिकिटाच्या गणितात आहे. स्कीइंगसाठी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे तिकीट लागते. २००८ मध्ये व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने ‘एपिक पास’ आणला. ५७९ डॉलरमध्ये कंपनीच्या सर्व रिसॉर्टवर हंगामभर कितीही दिवस स्कीइंग करण्याची मुभा होती. २०१८ मध्ये अल्टेरा या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘आयकॉन पास’ बाजारात उतरवला. पुढे दोन्ही कंपन्यांनी एकामागून एक रिसॉर्ट विकत घेतले किंवा पासला जोडले. २०२१ मध्ये व्हेलने पासची किंमत २० टक्क्यांनी कमी केली आणि त्या हंगामात वीस लाखांहून अधिक पास विकले गेले.

दुसरीकडे एका दिवसाचे तिकीट मात्र महागच होत गेले. व्हेल किंवा पार्क सिटीसारख्या ठिकाणी गर्दीच्या दिवसांत ते आता ३०० डॉलरच्या वर जाते. हंगामी पास साधारण हजार डॉलरचा धरला, तर चार दिवसांतच पैसे वसूल होतात. पाचव्या दिवसापासून प्रत्येक फेरी फुकट! साहजिकच पास घेतलेला माणूस प्रत्येक सुट्टीला डोंगराकडे निघतो. २०२२-२३ च्या हंगामात अमेरिकेतील स्की रिसॉर्टना मिळून साडेसहा कोटींच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या, हा विक्रम होता. डोंगर मात्र तेवढाच, महामार्गाच्या मार्गिका तेवढ्याच आणि पार्किंगही तेवढेच.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. बर्फ पडेल की नाही, याची खात्री नसलेल्या धंद्यात हंगामाआधीच पैसे हाती येतात. त्यामुळे कमी बर्फाच्या वर्षातही पगार देता येतात, लिफ्टची दुरुस्ती होते. शिवाय पूर्वी वर्षातून दोनदा स्कीइंग करणेही ज्यांना परवडत नव्हते, त्यांना दहा वेळा जाता येऊ लागले, हेही खरे आहे.

लोक लहान गावांकडे कधी वळले?

गर्दीला कंटाळलेल्यांसाठी २०१९ मध्ये ‘इंडी पास’ आला. त्यात छोट्या, स्वतंत्र मालकीच्या डोंगरांवर प्रत्येकी दोन दिवस स्कीइंग करता येत असे. रांगा नाहीत, हाच त्याचा मुख्य विक्रीचा मुद्दा. तो इतका चालला, की पुढे पासची संख्याच मर्यादित करावी लागली. गर्दी नसल्याची जाहिरात यशस्वी झाली की काय होते, याचे हे छोटे उदाहरण.

खरा धक्का २०२० मध्ये बसला. करोनाकाळात घरून काम सुरू झाले आणि सॅन फ्रान्सिस्को, सिएटल, डॅलस, न्यूयॉर्क इथले पगारदार डोंगरातल्या गावांत राहायला गेले. अशा गावांना ‘झूम टाऊन’ हे नावच पडले. पगार महानगराचा आणि घर दीड-दोन हजार वस्तीच्या गावात, असा हा प्रकार. ज्या घरासाठी गावातला शिक्षक वर्षानुवर्षे पैसे साठवत होता, तेच घर बाहेरचा खरेदीदार न पाहता, रोखीने घेऊ लागला.

गावात नवी घरे का बांधता येत नाहीत?

मागणी वाढली की पुरवठा वाढावा, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर. इथे भूगोल आडवा येतो. ही गावे अरुंद दऱ्यांमध्ये आहेत आणि आजूबाजूची बहुतेक जमीन सरकारी जंगल किंवा राष्ट्रीय उद्यानाची आहे. वायोमिंग राज्यात जॅक्सन शहर ज्या टेटन काउंटीमध्ये येते, तिथली सुमारे ९७ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे. उरलेल्या तीन टक्क्यांत अब्जाधीशांचे बंगले, हॉटेले, शाळा आणि लिफ्ट चालवणाऱ्यांची घरे, असे सगळे बसवायचे. त्यात वायोमिंगमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे श्रीमंतांना तिथे घर घेण्याचे आणखी एक कारण मिळते. दरडोई उत्पन्नात ही काउंटी अमेरिकेत सर्वांत वरच्या स्थानी असते.

असलेल्या घरांपैकीही अनेक घरांत वर्षातले बहुतांश दिवस कुणी राहत नाही. काही दुसरी घरे म्हणून कुलूपबंद असतात, तर काही एअरबीएनबीसारख्या ॲपवर रात्रीच्या दराने दिली जातात. महिन्याच्या भाड्याने घर देण्यापेक्षा हंगामातल्या काही आठवड्यांत पर्यटकांकडून अधिक पैसे मिळत असतील, तर घरमालक काय निवडणार, हे सांगायला नको.

मग काम करणारे राहतात कुठे? जॅक्सनमधले कित्येक कामगार, परिचारिका, शिक्षक शेजारच्या आयडाहो राज्यातून टेटन पास हा घाट ओलांडून रोज ये-जा करतात. जून २०२४ मध्ये दरड खचून या घाटरस्त्याचा एक तुकडाच दरीत गेला. तात्पुरता रस्ता होईपर्यंत सुमारे तीन आठवडे या लोकांना जादा वेळ मोडून लांबच्या वळणाने कामावर जावे लागले. जगातल्या सर्वांत श्रीमंत गावांपैकी एक गाव एका घाटावर कसे टांगलेले आहे, हे त्या तीन आठवड्यांत सर्वांना दिसले.

स्थानिकांचा रोष कसा व्यक्त झाला?

एप्रिल २०२० मध्ये कोलोरॅडोतील गनिसन काउंटीने एक आदेश काढला. तिथे करोनाचा फैलाव झपाट्याने झाला होता आणि रुग्णालय छोटे होते. ज्यांचे घर काउंटीत आहे, पण जे कायमचे रहिवासी नाहीत, त्यांनी निघून जावे, असे त्या आदेशात म्हटले होते. घराचा कर भरणाऱ्यालाच ‘तुम्ही इथले नाही’ असे सांगण्यात आले. यातले बरेच जण टेक्सासचे. त्यामुळे टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी या आदेशाला आक्षेप घेणारे पत्र पाठवले. आजार ओसरला, कटुता राहिली.

याच काउंटीतील क्रेस्टेड ब्यूट हे जेमतेम सोळाशे वस्तीचे गाव. २०१८ मध्ये तिथला स्की रिसॉर्ट व्हेल कंपनीकडे गेला. जून २०२१ मध्ये गावच्या परिषदेने घरटंचाईमुळे चक्क आणीबाणी जाहीर केली. पूर किंवा वणव्याच्या वेळी वापरायचा हा अधिकार घरांसाठी वापरला गेला.

जॅक्सनमध्ये तर पर्यटन मंडळानेच २०१८ मध्ये पर्यटकांना विनंती केली, की फोटो टाकताना नेमक्या जागेचे लोकेशन टॅग करू नका. एखादे शांत तळे इन्स्टाग्रामवर आले, की तिथे पायवाट तुडवली जाते, हा अनुभव त्यामागे होता. पर्यटन वाढवणे हेच ज्यांचे काम, त्यांनी पत्ता सांगू नका म्हणावे, यातच परिस्थिती कळते.

कामगारांचा आवाज सर्वांत मोठ्याने ऐकू आला तो युटामधील पार्क सिटीत. २७ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळ-नववर्षाच्या ऐन गर्दीत, तिथल्या स्की पेट्रोलने संप पुकारला. हे लोक जखमींना खाली आणतात आणि हिमस्खलनाचा धोका तपासून उतार खुले करतात. त्यांचे सुरुवातीचे वेतन ताशी २१ डॉलर होते, मागणी २३ डॉलरची होती. ते नसल्याने डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि उरलेल्या लिफ्टपुढे लांबच लांब रांगा लागल्या. पर्यटक संतापले, पण संपकऱ्यांसाठी देणग्याही जमल्या. ८ जानेवारी २०२५ रोजी करार झाला आणि सुरुवातीचे वेतन २३ डॉलर झाले.

पण मग ‘स्थानिक’ म्हणजे कोण?

इथे प्रश्न अवघड होतो. क्रेस्टेड ब्यूट हे मुळात कोळसा खाणीचे गाव. १९५२ मध्ये मोठी खाण बंद पडली आणि गाव ओस पडू लागले. १९६० च्या दशकात स्कीइंग आले, त्यापाठोपाठ शहरांना कंटाळलेली तरुण मंडळी आली. खाण कामगारांची जुनी कुटुंबे तेव्हा त्यांच्याकडे ‘बाहेरचे’ म्हणूनच पाहत होती. आज गावाचे जुने म्हणवले जाणारे अनेक जण त्याच लाटेतले आहेत. पार्क सिटीची गोष्टही अशीच, फक्त तिथे कोळशाऐवजी चांदी होती. आणि या सर्वांच्या आधी कोलोरॅडोच्या या डोंगरांमध्ये यूट लोक राहत होते, ज्यांना १८८१ मध्ये बळाने हलवण्यात आले.

दुसरीकडे, जॅक्सनच्या हॉटेलांत आणि उपाहारगृहांत राबणाऱ्यांत मेक्सिकोच्या त्लास्काला राज्यातून आलेली बरीच कुटुंबे आहेत. त्यांची मुले तिथल्याच शाळांत शिकली. ‘गाव पूर्वीसारखे राहिले नाही’ या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते, भाडेवाढीचा पहिला फटका मात्र त्यांनाच बसतो.

शिवाय सगळे स्थानिक एका बाजूला नाहीत. ज्याच्याकडे जुने घर आहे, त्याची मालमत्ता वाढली. ज्याच्याकडे नाही, त्याला गाव सोडावे लागले. कोलोरॅडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज इथे हा भेद स्पष्ट दिसला. २०२१ मध्ये एका निनावी दात्याच्या २ कोटी ४० लाख डॉलरच्या देणगीतून तिथे ५३४ एकरांचे ‘ब्राऊन रँच’ खरेदी करण्यात आले. त्यावर नोकरदारांसाठी दोन हजारांहून अधिक घरे बांधण्याची योजना होती. मार्च २०२४ मध्ये हा भाग शहराला जोडण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. खर्च किती, वाहतूक किती वाढणार, अशा शंका होत्या. घरे हवीत यावर एकमत होते. इथे, एवढी आणि या पद्धतीने हवीत का, यावर नव्हते.

उपाय कोणते केले जात आहेत?

सर्वांत जास्त चर्चेत असलेला उपाय व्हेल शहराचा आहे. २०१८ पासून तिथली पालिका घरमालकाला पैसे देते आणि बदल्यात घराच्या दस्तात कायमची अट घालून घेते. त्या घरात काउंटीतच आठवड्याला किमान ३० तास काम करणारी व्यक्ती राहिली पाहिजे, ही ती अट. घर विकता येते, भाड्यानेही देता येते, पण रिकामे ठेवता येत नाही किंवा पर्यटकांना देता येत नाही. नवे बांधकाम न करता असलेली घरे कामगारांसाठी राखण्याचा हा मार्ग आहे. ॲस्पेनमध्ये १९७० च्या दशकापासून सुरू असलेल्या योजनेत अशी तीन हजारांच्या आसपास घरे आहेत. त्या नसत्या, तर ॲस्पेनमध्ये बस चालवायलाही माणूस मिळाला नसता.

दुसरा मार्ग कराचा. स्टीमबोटच्या मतदारांनी २०२२ मध्ये पर्यटकांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या घरांवर ९ टक्के कर मंजूर केला. ब्रेकनरिजने अशा परवान्यांच्या संख्येवरच मर्यादा आणली.

डोंगर कुणाच्या मालकीचा, हा तिसरा मुद्दा. व्हर्मांटमधील ‘मॅड रिव्हर ग्लेन’ हा डोंगर १९९५ पासून स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाना किंवा दूध संघ आठवतो. इथे सभासद लिफ्टचे मालक आहेत. याच्या अगदी उलट टोक युटामधील पावडर माऊंटनचे. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांनी त्यात बहुसंख्य हिस्सा घेतला आणि डोंगराचा काही भाग तिथे जमीन घेणाऱ्यांसाठी राखून ठेवला. गर्दीही नाही, पण बहुतेकांना प्रवेशही नाही.

हे फक्त अमेरिकेतच घडते आहे का?

नाही. जपानमधील होक्काइदो बेटावरील निसेको ऑस्ट्रेलियन पर्यटकांनी भरून गेले, तेव्हा गर्दी टाळू पाहणारे फुरानोकडे वळले. २०२५ च्या सरकारी आकडेवारीत फुरानोतील निवासी जमिनीचा दर वर्षभरात ३१.३ टक्क्यांनी वाढला, ही जपानमधील सर्वाधिक वाढ होती. भाषा वेगळी, क्रम तोच : आधी पर्यटक, मग खरेदीदार, मग दरवाढ, मग ‘पुढचे गाव’.

या क्रमात वाईट हेतूने आलेला माणूस शोधूनही सापडत नाही. प्रत्येकाला शांतताच हवी असते. फरक पडतो तो आल्यावर काय करतो याने : घर वर्षातले दहा महिने बंद ठेवतो की कुणाला राहायला देतो, आणि कामगारांच्या घरांवर मतदान असते तेव्हा कुठल्या बाजूने मत देतो.

मित्राचा परवा पुन्हा मेसेज आला. त्याला गाव सापडले आहे. एक लिफ्ट, एक बेकरी, रांग नाही. नाव विचारले, तर सांगायला तयार नाही.