'दो', 'दा', 'नो', 'आओस' म्हणजे काय? गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज नोंदी वाचताना हे लक्षात ठेवा

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. त्यामुळे अनेक घरांतल्या आजी-आजोबांच्या जन्माच्या किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. त्या वाचायला घेतल्या की 'दो', 'नो', 'आओस' असे छोटे शब्द अडवतात. प्रत्यक्षात हे दोन-दोन शब्द मिळून झालेले आहेत.

हे शब्द तयार कसे होतात?

पोर्तुगीजमध्ये नामाआधी उपपद येतं. पुल्लिंगी 'ओ', स्त्रीलिंगी 'आ', अनेकवचनी 'ओस' आणि 'आस'. त्याआधी शब्दयोगी अव्यय आलं की दोन्ही एक होतात.

• दे (चा-ची-चे) + ओ = दो, + आ = दा, + ओस = दोस
• एं (मध्ये) + ओ = नो, + आ = ना
• आ (ला, कडे) + ओ = आओ, + ओस = आओस
• पोर (मुळे, मधून) + ओ = पेलो, + आ = पेला

हे ऐच्छिक नाही. 'दे ओ' असं सुटं लिहिणं सहसा चूक ठरतं. मात्र 'कों' (सह) आणि 'पारा' (साठी) लेखनात सुटेच राहतात. बोलताना 'दो'चा उच्चार 'दु' होतो.

मराठी वाचक कुठे चुकतो?

ओल्ड गोव्यातल्या 'बासिलिका दो बों जेझुस'चं उदाहरण घ्या. मराठीत आपण 'बॉम जीझसची बॅसिलिका' म्हणतो, म्हणजे 'ची' बॅसिलिकेच्या लिंगानुसार येते. पोर्तुगीजमध्ये उलट आहे. बासिलिका स्त्रीलिंगी असूनही 'दो' येतं, कारण पुढचा शब्द 'बों जेझुस' पुल्लिंगी आहे. थोडक्यात, नेहमी पुढचा शब्द पाहा.

नोंदीतली ओळ कशी वाचायची?

बाप्तिस्म्याच्या नोंदीची सुरुवात अनेकदा अशी असते: 'आओस देझ दियास दो मेस दे माइयो'. दियास (दिवस) अनेकवचनी, म्हणून 'आओस'. मेस (महिना) पुल्लिंगी, म्हणून 'दो'. महिन्याच्या नावाला उपपद नसतं, म्हणून नुसतं 'दे'. अर्थ, 'मे महिन्याच्या दहाव्या दिवशी'. 'नो दिया' दिसलं तर तो नकार नव्हे. अर्थ आहे 'त्या दिवशी'.

आडनाव शोधताना

'दा कोस्टा', 'दोस सांतोस', 'दो रोझारियो' यांतही हेच जोड आहेत. पोर्तुगीज याद्यांत आडनाव मुख्य शब्दाखाली लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे 'दा कोस्टा' सापडलं नाही, तर 'कोस्टा'खाली पाहा.