डोळस ग्राहक (लेखांक 9) : समोरासमोरचे दोन पंप

मागच्या लेखांकात आपण किराणा दुकानातला वजनकाटा पाहिला. या वेळी पेट्रोल पंपाकडे वळू. ‘अमक्या पंपाचं पेट्रोल चांगलं, तमक्याचं ॲव्हरेज देत नाही’ ही चर्चा गावोगावी चालते. तिचा खरेखोटेपणा तपासायचा तर दर, दर्जा आणि माप या तीन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात. कारण तिन्ही ठरतात वेगळ्या ठिकाणी, आणि तिन्हींसाठी जबाबदारही वेगळे असतात.

दर

16 जून 2017 पासून देशभर पेट्रोल-डिझेलचा दर रोज सकाळी सहा वाजता लागू करण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो कधी कधी महिनोन्‌महिने हलत नाही. तेलाची मूळ किंमत, केंद्राचं उत्पादन शुल्क, पंपचालकाचं कमिशन आणि राज्याचा व्हॅट मिळून तो बनतो. महाराष्ट्राने जुलै 2024 मध्ये मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला पेट्रोलवरचा व्हॅट 26 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर आणला. त्यावर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे वेगळे द्यावे लागतात.

एकाच गावातल्या दोन पंपांना कर सारखाच. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांचे दर एकमेकींना धरूनच चालतात. मग फरक उरतो तो डेपोपासून पंपापर्यंतच्या टँकरच्या भाड्याचा, म्हणजे काही पैशांचा. हे अंतर वाढलं की दरही वाढतो. परभणीचं पेट्रोल राज्यात महाग असण्याचं कारण हेच. तिथला माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून येतो.

रुपयांचा फरक पडतो तो राज्याच्या सीमेवर. एप्रिल 2012 मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि तिथलं पेट्रोल लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरलं. खासगी कंपन्यांचे पंपही कधी वेगळा दर लावतात. 2022 मध्ये कच्चं तेल भडकलं, तेव्हा सरकारी कंपन्यांनी दर रोखून धरले होते आणि खासगी पंप महाग पडत होते. 2023 मध्ये कच्चं तेल उतरल्यावर जिओ-बीपी आणि नायरा या कंपन्यांनी सरकारी पंपांपेक्षा रुपयाने स्वस्त विक्री केली.

एरवी मात्र गावातल्या गावात स्वस्त पंप शोधत फिरण्यात पदरमोडच होते. लिटरमागे दहा पैसे वाचले, तर पाच लिटरला पन्नास पैसे होतात. लिटरला 45 किलोमीटर धावणारी स्कूटर दोन किलोमीटर जादा फिरवली, तर शंभर रुपयांच्या भावाने साडेचार रुपये जळतात.

दर्जा

पंपांवरच्या पाट्या वेगळ्या असल्या, तरी तेल बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून येतं. तेलकंपन्या एकमेकींच्या रिफायनरीतून आणि डेपोतून माल उचलतात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन सक्तीचं आहे. त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त 10 भाग असतं, आधीच्या बीएस-4 मध्ये ते 50 होतं. हा नियम सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू आहे.

महागड्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलबद्दलही समज स्पष्ट हवी. ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची, म्हणजेच ‘नॉकिंग’ टाळण्याची क्षमता. जास्त दाबाच्या इंजिनाला ती लागते आणि तसं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. साध्या इंजिनाची ताकद त्यामुळे वाढत नाही.

ॲव्हरेज घटलं की संशय आधी पंपावर जातो. पण आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार बिनइथेनॉल पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि 10 टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज त्यामुळे 6 ते 7 टक्क्यांनी, तर दुचाकींचं 3 ते 4 टक्क्यांनी घटू शकतं. पंप बदलून हा फरक भरून निघत नाही.

मग पंपागणिक काय बदलतं? डेपोतून निघालेलं इंधन तसंच्या तसं तुमच्या टाकीत येतं की नाही, ते. वाटेत रॉकेल किंवा स्वस्त सॉल्व्हंट मिसळलं जातं. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं, तर इथेनॉल ते शोषून घेतं. पाणी वाढलं की हे मिश्रण पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं आणि गाडी रस्त्यात बंद पडते. म्हणूनच पंपचालकाने टाकीत बुडवायच्या पट्टीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून रोज तपासणी करायला हवी.

भेसळीकडे ‘चालायचंच’ म्हणून पाहता येत नाही. लखीमपूर खेरीत भेसळीविरुद्ध पंपांवर कारवाई करणाऱ्या इंडियन ऑइलच्या मंजुनाथ षण्मुगम या तरुण अधिकाऱ्याचा नोव्हेंबर 2005 मध्ये खून झाला. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेलाचा काळाबाजार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. शुद्ध इंधनासाठी या माणसांनी प्राण दिले. आपल्याला द्यायची आहेत ती फक्त पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत दोन चाचण्या होतात. फिल्टर पेपरवर नोझलमधल्या पेट्रोलचा थेंब टाका. शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. दुसरी चाचणी घनतेची. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि 500 मिलिलिटरचं काचेचं भांडं असलंच पाहिजे. मोजलेली घनता तक्त्यावरून 15 अंश सेल्सिअसला बदलून घेतात आणि टँकर आला तेव्हा नोंदवलेल्या घनतेशी ताडून पाहतात. घनमीटरमागे 3 किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर शंकेला जागा आहे. रॉकेल घनता वाढवतं आणि हलकं सॉल्व्हंट ती कमी करतं. दोन्ही बेताने मिसळणारा मात्र या चाचणीतून सुटू शकतो. तिथे शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा.

माप

ग्राहकाचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. वैधमापन शास्त्र विभागाने मुद्रांकित केलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर असतं. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे शंभर रुपयांच्या भावाने अडीच रुपयांचा. पण लिटरमागे 50 मिलिलिटर मारले गेले, तर पाच लिटरला पंचवीस रुपये गेले. दरातला पन्नास पैशांचा फरक याच्यापुढे काहीच नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी पंपांच्या यंत्रांत बसवलेल्या चिप पकडल्या. पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या पंपांवर छापे घातले आणि इथेही तोच प्रकार उघड झाला. मीटर बरोबर आकडा दाखवत होता, टाकीत कमी तेल पडत होतं.

यावर लोकांनी दोन तोडगे काढलेत आणि दोन्ही कामाचे नाहीत. पहिला, पहाटे भरायचा. तेलाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. दुसरा, शंभराऐवजी एकशे दहाचं भरायचा. यंत्रात लबाडी असेल तर ती कोणत्याही आकड्याला लागू होते. मीटर शून्यावर आहे का, हे पाहणं आणि भरणं संपेपर्यंत नजर न हटवणं जास्त उपयोगाचं. संशय आला, तर पाच लिटरचं माप मागा. ते भरून दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. नकार मिळाला, तर तक्रारवही मागा, बिल जपून ठेवा आणि पंपावर लिहिलेल्या कंपनीच्या क्रमांकावर कळवा. वैधमापन शास्त्र विभागाकडेही तक्रार करता येते.

माप मागताना संकोच वाटायचं कारण नाही. लिटरमागे चार रुपयांच्या आसपासच्या कमिशनवर प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या पंपचालकाचं गिऱ्हाईक शेजारचा लबाड पंपच पळवत असतो. आपण तपासलं, तर त्याच्या सचोटीला किंमत येते. तेव्हा दरफलकावरचे पैसे मोजत बसू नका. नेहमीच्या पंपावर या महिन्यात एकदा तरी पाच लिटरचं माप भरून दाखवायला सांगा. जो पंप ते हसतमुखाने दाखवेल, तोच तुमचा पंप.

(पुढील लेखांक : घरगुती गॅस सिलिंडरचं वजन)