ऐतिहासिक पुनरभिनयातील ढाल व कापडी चिलखत

ऐतिहासिक पुनरभिनयातील ढाल व कापडी चिलखत ही मध्ययुगीन युरोपातील संरक्षक साधनांच्या नमुन्यावरून आज हाताने तयार केली जाणारी साधने होत. इतिहासातील लढाया, छावण्या व दैनंदिन जीवन त्या काळच्या वेशभूषेसह आणि साधनांसह पुन्हा उभे करण्याच्या उपक्रमास ऐतिहासिक पुनरभिनय असे म्हणतात. त्यात लढणाऱ्या व्यक्तीच्या हातात लाकूड, कातडे व कापड यांपासून बनवलेली ढाल असते, आणि अंगात अनेक पदरी किंवा भराव घालून शिवलेला जाड अंगरखा असतो. या अंगरख्यास गँबेसन म्हणतात. ही साधने ऐतिहासिक नमुन्याशी जुळणारी असावी लागतात आणि प्रत्यक्ष आघातापासून आजच्या लढवय्याचे रक्षण करणारीही असावी लागतात. या दोन अपेक्षा प्रत्येक वेळी एकमेकींशी जुळत नाहीत. साहित्याची निवड, जाडी, वजन व शिवण यांविषयीचे बहुतेक निर्णय या विसंगतीतून घडतात.

संज्ञा व व्युत्पत्ती

गँबेसन हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला असून त्याचे मूळ 'पोट' या अर्थाच्या जर्मानिक शब्दात असल्याचे मानले जाते. याच प्रकारच्या अंगरख्यासाठी अ‍ॅकेटन, पूरप्वँ व जॅक अशीही नावे आढळतात. यांपैकी अ‍ॅकेटन हा शब्द अरबी भाषेतील 'अल्-कुत्न' म्हणजे कापूस या शब्दावरून आला आहे. मध्ययुगीन लेखकांनी ही नावे काटेकोरपणे वापरलेली नाहीत. एकाच वस्तूला दोन नावे किंवा दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव दिलेले दिसते. त्यामुळे आजच्या ग्रंथांत केलेले त्यांचे वर्गीकरण बऱ्याच अंशी सोयीपुरते आहे.

ढालींच्या नावांबाबतही असेच घडले आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील लहान त्रिकोणी ढालीस 'हीटर' ढाल म्हणतात. तिचा आकार इस्त्रीच्या तळासारखा असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी हे नाव रूढ केले. ती ढाल वापरणाऱ्या सरदारांना ते ठाऊक नव्हते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कापडी चिलखत हे धातूच्या चिलखताच्या आत घालण्याचे वस्त्र होते, तसेच सामान्य पायदळ सैनिकाचे ते एकमेव चिलखतही असे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने इ.स. ११८१ मध्ये शस्त्रांविषयीचा वटहुकूम काढला. त्यानुसार कड्यांचे चिलखत बाळगण्याची ऐपत नसलेल्या नगरवासी व स्वतंत्र प्रजाजनांनी कापडी चिलखत, लोखंडी टोपी व भाला जवळ ठेवणे बंधनकारक होते. इ.स. १२५० च्या सुमारास फ्रान्समध्ये चितारलेल्या व आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेल्या सचित्र बायबलमध्ये असे अंगरखे घातलेले अनेक पायदळ सैनिक दिसतात. पुनरभिनयासाठी अंगरखे शिवणारे कारागीर या चित्रांचा मोठ्या प्रमाणावर आधार घेतात.

फ्रान्सचा राजा अकरावा लुई (राज्यकाळ इ.स. १४६१ ते १४८३) याच्या एका आज्ञेत अंगरख्यासाठी कापडाचे ३० किंवा किमान २५ पदर आणि त्यावर हरणाचे कातडे असावे, असे सांगितले आहे. वापरून मऊ झालेले जुने कापड यासाठी सर्वांत चांगले, असेही त्यात नमूद आहे. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेल्या गोधडीशी ही रचना मिळतीजुळती आहे. मऊ कापडाचे पदर एकमेकांवर सपाट बसतात आणि अंगाच्या हालचालीबरोबर वाकतात.

ढालीचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. नॉर्वेतील गॉकस्टा येथे सापडलेल्या इ.स. ९०० च्या सुमाराच्या जहाजावर ६४ गोल ढाली होत्या व त्या काळ्या आणि पिवळ्या रंगाने रंगवलेल्या होत्या. इ.स. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण असलेल्या बायो येथील भरतकामाच्या पट्टीवर वरून गोल व खाली निमुळत्या लांब ढाली दिसतात. या ढाली स्वाराचा डावा पाय झाकत असत. पायांसाठी अधिक चांगले चिलखत उपलब्ध होऊ लागल्यावर ढाल आखूड होत त्रिकोणी झाली. मुठीत धरण्याची छोटी गोल ढाल, म्हणजे बकलर, तिच्याबरोबर वापरात होतीच.

ढालींचा दर्जा हा राज्यकारभाराचाही विषय होता. दहाव्या शतकातील इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन याच्या कायद्यात ढालीवर मेंढीचे कातडे चढवण्यास मनाई होती. ती मोडणाऱ्या कारागिराला ३० शिलिंग दंड होता. मेंढीचे कातडे पातळ व कमकुवत असते, परंतु ढाल रंगवल्यानंतर हा फरक वरून ओळखता येत नाही. ढाल घेणाऱ्याची फसवणूक लढाईच्या वेळीच उघड झाली असती.

उपलब्ध मूळ वस्तू

धातूच्या चिलखतांच्या तुलनेत ढाली व कापडी चिलखते फार थोडी टिकली आहेत. ढाल लढाईत खर्ची पडणारी वस्तू होती. कापड घामाने, ओलाव्याने व कसरीने नष्ट होत असे, आणि जुन्या अंगरख्याचे कापड इतर कामांसाठीही वापरले जाई. जे नमुने टिकले ते प्रामुख्याने चर्चमध्ये किंवा नगरांच्या शस्त्रागारांत जपले गेल्यामुळे.

इंग्लंडमधील कँटरबरी कॅथेड्रलमध्ये 'ब्लॅक प्रिन्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या राजपुत्र एडवर्ड (मृत्यू इ.स. १३७६) याची ढाल व भराव घालून शिवलेला मखमली अंगरखा जतन केलेला आहे. त्याच्या समाधीवर आता या वस्तूंच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. स्वित्झर्लंडमधील झेडॉर्फ येथे सापडलेली निळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी सिंह असलेली ढाल झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जर्मनीतील मारबुर्ग येथे मध्ययुगीन ढालींचा महत्त्वाचा संग्रह असून ल्यूबेक शहरात मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील कापडी चिलखते आहेत. या मोजक्या वस्तूंपैकी अनेक उच्चकुलीन व्यक्तींच्या आहेत. साध्या पायदळ सैनिकाचा अंगरखा नेमका कसा शिवला जाई, हे ठरवताना कारागिराला चित्रे, आज्ञापत्रे व स्वतःचा अनुभव यांची सांगड घालावी लागते.

कार्यतत्त्व

कड्यांचे चिलखत तलवारीची धार अडवते, परंतु ते लवचिक असल्यामुळे आघाताचा जोर थेट शरीरापर्यंत पोहोचतो. कातडी न कापताही त्याखालचे हाड मोडू शकते. कापडी चिलखतामुळे आघात दोन प्रकारे सौम्य होतो. भराव दबला जात असताना शस्त्र थांबण्यास लागणारा वेळ वाढतो, त्यामुळे शरीरावर पडणारा कमाल जोर कमी होतो. तसेच तो जोर अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरतो. घट्ट शिवलेले तागाचे पदर धारेलाही विरोध करतात, कारण शस्त्राला प्रत्येक पदरातील धागे वेगवेगळे कापावे लागतात. अरुंद व टोकदार शस्त्रापुढे हा विरोध कमी पडतो.

ढालीचे काम यापेक्षा वेगळे आहे. ती केवळ समोर धरलेली भिंत नसते. तिने वार तिरका करून बाजूला वळवता येतो, प्रतिस्पर्ध्याचा हात अडवता येतो व त्याची दृष्टी झाकता येते. यासाठी ती सतत हलती ठेवावी लागत असल्यामुळे तिचे वजन हा जाडीइतकाच महत्त्वाचा घटक ठरतो.

भारतीय साधनांशी तुलना

कापडाचे चिलखत युरोपपुरते मर्यादित नव्हते. भारतातही भराव घालून व टाके मारून शिवलेले युद्धवेष प्रचलित होते. मखमलीवर बारीक खिळे जडवलेल्या अशा अंगरख्यास 'चिलता हजार माशा' म्हणत. भारतीय गोल ढाल बहुधा म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याची अथवा पोलादाची असे. तिच्या दर्शनी भागावरील चार फुल्या मागील मुठींच्या कड्या धरून ठेवतात, आणि मुठींच्या खाली बोटांच्या पेरांना आघात लागू नये म्हणून लहान गादी असते. ढालीच्या मागे हाताला गादी देण्याची ही सोय युरोपीय ढालींतही आढळते. पुनरभिनयासाठी बनवलेल्या ढालींत ती आवश्यक मानली जाते.

निर्मिती : कापडी चिलखत

कापड बेतण्यापूर्वी ते धुऊन आटवून घेतात. अंगरख्याची पाने नेहमीच्या मापापेक्षा बरीच मोठी कापावी लागतात, कारण टाके घातल्यावर भरावाच्या फुगीरपणामुळे पानाची रुंदी घटते. नवशिक्यांचे अंगरखे छातीत तंग होण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

रचनेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात कापडाचे अनेक पदर किंवा लोकरीच्या जाड घड्या एकत्र ठेवून उभ्या ओळींत टाके घालतात. दुसऱ्यात दोन कापडांमध्ये आधी उभ्या नळ्या शिवून त्यांत कापूस, लोकर, ताग किंवा चिंध्या काठीने ठासून भरतात. नळ्यांच्या रचनेत शिवणीच्या रेषेवर भराव सर्वांत पातळ राहतो व तेथे आघात अधिक जाणवतो. पदरांच्या रचनेत जाडी अधिक एकसारखी राहते. हाताने शिवताना तागाच्या दोऱ्याला मेण लावतात. त्यामुळे दोरा सहज सरकतो व लवकर झिजत नाही.

प्रत्येक पान स्वतंत्रपणे टाचून झाल्यावर पाने एकमेकांना जोडतात. बाही हा सर्वांत अवघड भाग असतो. जाड बाही सरळ जोडल्यास हात वर करताना संपूर्ण अंगरखा वर ओढला जातो. म्हणून काखेत मोठी कळी घालतात किंवा काख उघडीच ठेवतात. खालच्या घेराला पुढे व मागे चीर ठेवल्याने पाय मोकळेपणाने टाकता येतो.

कृत्रिम धाग्याचा भराव स्वस्त असला तरी त्यात उष्णता व घाम कोंडतो, आणि छावणीतील विस्तवाजवळ तो वितळण्याचा धोका असतो. ताग, लोकर व कापूस ओलावा शोषून घेतात. मात्र त्यांचा अंगरखा वापरानंतर पूर्ण वाळवावा लागतो, अन्यथा त्याला बुरशी लागते.

निर्मिती : ढाल

मध्ययुगीन ढालीसाठी फळ्या एकमेकींना जोडून फलक तयार केला जाई. आजचे अनेक कारागीर त्याऐवजी प्लायवूड वापरतात. बाकदार ढालीसाठी पातळ प्लायवूडचे दोन किंवा तीन थर गोंद लावून गोलाकार साच्यावर आवळून ठेवतात. गोंद वाळल्यावर फलक बाक धरून ठेवतो. त्यावर सरसाने अथवा आधुनिक गोंदाने तागाचे कापड चिकटवतात. कापडामुळे लाकूड चिरले तरी त्याचे तुकडे उडत नाहीत. रंगापूर्वी खडूची भुकटी व सरस यांचा लेप देण्याची जुनी पद्धतही वापरली जाते.

ढालीची कड सर्वांत लवकर झिजते. तिच्यावर न कमावलेल्या कच्च्या कातड्याची पट्टी भिजवून शिवतात. वाळताना कातडे आकसते व कड घट्ट आवळली जाते. पट्टी झिजल्यावर ती बदलता येते. गोल ढालीच्या मध्यभागी मुठीसाठी भोक असते व त्यावर लोखंडी वाटी बसवतात. त्रिकोणी ढालीला मनगट व कोपर यांसाठी चामड्याचे पट्टे, तसेच गळ्यात अडकवण्याचा एक लांब पट्टा असतो. पट्टे पक्के करणाऱ्या खिळ्यांची टोके मागील बाजूस वळवून सपाट ठोकतात. ती उघडी राहिल्यास ढाल बाळगणाऱ्याच्याच हाताला इजा होते.

पुनरभिनयातील वापर व सुरक्षितता

स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे इ.स. १८३९ मध्ये भरवलेली मध्ययुगीन पद्धतीची स्पर्धा हे या परंपरेचे एक प्रसिद्ध प्रारंभिक उदाहरण आहे. अमेरिकेत इ.स. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' सुरू झाली. तिच्या चिलखती लढतींत वेताची शस्त्रे वापरतात. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या आणि पोलंडमध्ये इ.स. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईचे पुनरभिनय विशेष प्रसिद्ध आहेत. बोथट पोलादी शस्त्रांनी पूर्ण जोराने लढण्याच्या क्रीडाप्रकारात 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा इ.स. २०१० मध्ये युक्रेनमधील खोतिन किल्ल्यावर प्रथम भरली.

या प्रकारांत अंगरख्याकडून वेगवेगळ्या अपेक्षा असतात. नियंत्रित वारांच्या प्रेक्षणीय लढाईत कापडी चिलखत, शिरस्त्राण व हातमोजे पुरेसे ठरू शकतात. पूर्ण जोराच्या लढतीत त्यावर धातूचे चिलखत अनिवार्य असते. अनेक गटांत चेहरा, मान, सांधे व जांघ यांवर वार करण्यास मनाई असते. प्रसंगापूर्वी शस्त्रांची धार, ढालीची कड आणि शिरस्त्राणाचे पट्टे तपासले जातात. उन्हाळ्यात उष्माघात हा दुर्लक्षित परंतु गंभीर धोका असतो, कारण जाड अंगरख्यातून घामाचे बाष्पीभवन नीट होत नाही. त्यामुळे विश्रांती व पाणी ही सुरक्षेची साधनेच मानली जातात.

अस्सलपणा व मर्यादा

पुनरभिनयातील ढाल अनेक हंगाम टिकावी लागते. त्यामुळे ती मूळ नमुन्यापेक्षा अनेकदा जाड व जड बनते आणि तिची हाताळणी बदलते. हलकी फळ्यांची ढाल वापरून पाहिल्यास मध्ययुगीन चित्रांतील काही पवित्रे अधिक सहज वाटतात. प्लायवूडच्या जड ढालीवरून काढलेला निष्कर्ष याउलट दिशाभूल करू शकतो.

हाताने केलेल्या निर्मितीतून कागदपत्रांत नसलेली माहिती मिळते. बाही कोठे अडते, कोणती शिवण आधी उसवते, ओले कातडे किती आकसते हे वस्तू तयार करून व वापरूनच कळते. प्रायोगिक पुरातत्त्वशास्त्र याच पद्धतीचा शिस्तबद्ध वापर करते. तथापि एखादी रचना आज उपयुक्त ठरली, एवढ्यावरून ती मध्ययुगात वापरली जात होती असे सिद्ध होत नाही. बोथट शस्त्रे, निषिद्ध लक्ष्ये व थांबवता येणारी लढत यांमुळे पुनरभिनयात मूळ युद्धाची परिस्थिती निर्माण होत नाही, आणि तशी ती होऊ नये हाच या नियमांचा हेतू आहे. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे कारागीर आपल्या वस्तूत कोणता भाग पुराव्यावर आधारलेला आहे, कोणता तर्काने भरून काढला आहे आणि कोणता केवळ सुरक्षिततेसाठी बदलला आहे, याची स्वतंत्र नोंद ठेवतात.